तानाबाईचा फॉर्म

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार. सकाळी ढगाळ. सिलिंडर आला. अकरा वाजता तानाबाईबरोबर आमदारांना भेटायला जायचे.

डायरीत एवढं लिहून संजीवनीबाईंनी पेनाला टोपण लावलं. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली ही सवय साठ वर्षांची. जे घडलं ते, जसं घडलं तसं. यजमान गेले त्या दिवसाचीही नोंद होती, वेळेसकट.

म्हणूनच अख्खी गल्ली सरकारी अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यायची. रेशनकार्डांची तपासणी निघाली तेव्हा शेजारची तानाबाईही फॉर्म घेऊन आली होती. एकटी बाई, लोकांच्या शेतात निंदणीला जाणारी. मुलगा सुरतेला गिरणीत कामाला गेला, त्याला सहा वर्षं झालेली.

“त्याचं नाव काऊन लिहिता बाई? तो जिता हाये का मेला, मले मालूम नाही.”

“कार्डावर आहे ना? मग खोटं कसं लिहायचं?”

आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: मुलगा, सुरतेच्या गिरणीत नोकरी.

जूनपासून तानाबाईचं धान्य बंद झालं.

आमदार शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन करून नुकतेच खुर्चीत टेकले होते. संजीवनीबाईंनी रस्ताभर घोकलेलं बोलून टाकलं, “तुम्ही तिकडे सभागृहात हात वर करता आणि इथे हिची चूल विझते.”

आमदार रागावले नाहीत. त्यांच्या माणसाने फोनाफोनी करून तहसिलातून फॉर्मचा फोटो मागवला.

“मावशी, गरिबाचं कोणी तोडलं नाही. अपात्र तेवढे काढले. घरात नोकरदार आहे, हे तुम्हीच लिहून दिलं की.” मग गाडीकडे निघता निघता हसून म्हणाले, “अक्षर मात्र सुरेख हाये हो!”

“मुलगा विचारत नाही, हे लिहायला तुमच्या फॉर्मात जागा कुठे होती?”

तोवर गाडीचं दार लागलं होतं.

परतताना तानाबाईच बोलली, “त्या आमदाराले म्हना, महिनाभर माह्या घरी राह्य. मंग पाह्य, कोन नोकरदार हाये तं.”

“माझ्यामुळे झालं हे, तानाबाई.”

तानाबाई पुढे चालत राहिली.

“संध्याकाळी जेवायला ये.”

“हाव.”

ती आली नाही. दिवेलागणीला संजीवनीबाई बोलवायला गेल्या, तर दाराला आतून कडी. “भूक नाही बाई,” एवढाच आवाज आला. त्या घरी आल्या आणि त्यांनी डायरीत लिहिलं:

भात उरला. पाणी घालून ठेवला.