आवाजाखालची बासरी

मन्मथ गेला, लिंगैक्य झाला, असा निरोप त्याच्या पुतण्याने मोबाईलवर धाडला, तेव्हा मी नांदेडला त्याच्याच ध्वनिमुद्रणातला खोकला कापत बसलो होतो. खऱ्याखुऱ्या गुन्ह्यांवरचा पॉडकास्ट आम्ही दोघं चालवायचो. तो लातूरहून बोलायचा, मी ध्वनिमुद्रणाची काटछाट आणि जोडकाम करायचो. रडू आलं नाही. हातातलं काम संपवलं, मग निघालो.

वर्तमानपत्रात उमेदवारी केलेला मन्मथ. तटस्थतेचा त्याला भारी अभिमान. 'कथित' हा शब्द राहून गेला तरी चिडायचा. रेणापूरच्या एका विवाहितेच्या मृत्यूवर आम्ही भाग केला. नवरा आरोपी. तिची आई बोलली, नवऱ्याचे वडीलही बोलले. दोघांना सारखाच वेळ. भाग गाजला, आणि काही दिवसांतच ते वडील, गुंडेराव, शिरूर अनंतपाळहून मन्मथच्या दारात आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "साहेब, तुमी खोटं काय बोलला न्हाई. पण तिच्या आईच्या बोलण्याखाली बासरी लावली, माझ्या बोलण्याखाली कायच न्हाई. ते ऐकून लोकं माझ्या लेकाला खुनी म्हणायलेत. धाकट्या लेकीची सोयरीक मोडली."

बासरी मन्मथनेच निवडलेली. त्याने भाग पुन्हा ऐकला... "आईचं दुःख मला आधीच पटलं होतं रे," एवढंच बोलला. भाग काढून टाकला. सोयरीक काही परत जुळली नाही. तेव्हापासून संगीत बंद, आणि नवा नेम: तयार भाग आधी दोन्ही घरी नेऊन ऐकवायचा. कुणी शिव्या द्यायचं, कुणी दार लावून घ्यायचं. हा पायरीवर बसून राहायचा. श्रोते घटले. मला त्याच्या या हट्टाचा वैताग यायचा, आणि आता नेमका तोच आठवतो.

गेल्या आठवड्यात त्याच्यावरचा भाग तयार केला. नुसता त्याचा आवाज, मधे शांतता. नेमाप्रमाणे दोन घरी नेला. आधी मन्मथच्या बायकोने, वहिनींनी, ऐकला. दुसरी बाजू गुंडेरावांची, म्हणून मग शिरूर अनंतपाळला गेलो. खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. गुंडेरावांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"बासरी कुठाय?"

"त्यांनीच बंद केली होती."

"ठाव हाय मला. पण हे त्यांच्यावरचं हाय. लावा."

लातूरला मन्मथच्या खोलीत येऊन बसलो. आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींवर टांगलेल्या गोधड्या तशाच होत्या. ती जुनी बासरी शोधली आणि त्याच्या बोलण्याखाली लावली. या एका माणसाच्या बाबतीत मला तटस्थ राहायचं नाही.