तानाबाईंचा बारीक आवाज

१९५५ साली गंगावेशीत तानाबाईंचा आवाज ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडला नसता. त्यांनी दारातून हाक मारली की पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशी उठून घरची वाट धरतात, असं लोक सांगत. पण त्यांची पाच वर्षांची विमला शेजारी बसूनही मान वळवत नसे. बोलत नसे. पितळी तांब्या गरगर फिरवण्यात तिची सकाळ जाई.

"पोरगी बहिरी हाय," गल्लीनं निकाल दिला. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागं घंटी वाजवली, तर कान दाबून ती टेबलाखाली शिरली.

"कान चांगले आहेत. मोठी झाली की सुधारेल, थांबा," डॉक्टर म्हणाले.

थांबणं तानाबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या आणखी मोठ्यानं हाका मारू लागल्या. एकदा धार काढता काढता नवरा, आकाराम, वैतागला. "अगं, गप की जरा! म्हशीनं पान्हा चोरला बघ!"

तानाबाई गप्प झाल्या. आणि थोड्या वेळानं बघतात तर विमला आपण होऊन धारेजवळ येऊन बसलेली. पोरीला आवाज कमी पडत नव्हता, सोसत नव्हता.

त्या दिवसापासून तानाबाई बारीक आवाजात बोलायला शिकल्या. पैलवानाला भरतकाम करायला बसवावं तसं ते झालं. दोन वाक्यांत त्यांना ठसका लागे. गल्लीलाही त्यांनी दम भरला. तालमीतली पोरं दारावरून कुजबुजत जाऊ लागली. एका पावण्यानं घाबरून विचारलं, "कोण वारलं काय हो?"

"कोण न्हाय वारलं. आमची विमला ऐकती हाय."

आणि खरंच, हळू हाक मारली की ती अधूनमधून मान वळवू लागली.

मग शाळेचा प्रश्न आला. शाळेतल्या नंदिनीबाईंनी अट घातली, "नाव घेतल्यावर माझ्याकडे बघितलं, तर वर्गात बसवीन."

तानाबाई विमलाला शाळेत घेऊन गेल्या, त्या दिवशी बाईंनी खणखणीत हाक मारली, "विमला!" पोरीचे हात कानांवर गेले.

"बाई, हळू बोला की!" तानाबाई अशा ओरडल्या की पलीकडच्या वर्गातले गुरुजी धावत आले. तानाबाईंनी स्वतःच जीभ चावली. बाईंचा चेहरा कडक झाला. पण विमलाचे दाबलेले कान बघून त्या खाली वाकल्या आणि कुजबुजल्या, "विमला."

विमलाचे हात हळूच खाली आले. तिनं बाईंच्या हातातली हिरवी बांगडी बघितली, तिच्यावर बोट ठेवलं आणि ती फिरवायला लागली.

"माझ्याकडे कुठं बघितलं? बांगडीकडे बघितलं," बाई म्हणाल्या.

तानाबाईंनी ठसका गिळला आणि जेमतेम ऐकू येईल इतकं हळू म्हणाल्या, "बांगडी तुमचीच हाय की, बाई."

नंदिनीबाईंना हसू आवरेना. हात तसाच पोरीकडे ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं आपल्या खुर्चीशेजारी विमलाला बसायला बस्कर ओढलं.