बांधावर बसणारी हेमा

“बस गो हेमा! बस खाली!”

पेणच्या खाडीकाठी मी पाऊल टाकलं आणि ही आरोळी कानावर आली. आवाज असा, की तिकडे रोह्याला कुंडलिकेतले मासे दचकले असतील. मी बहिणीकडे रोह्याला निघालो होतो. मीठ कसं पिकतं ते बघायला वाटेत उतरलो. आगर (मिठागर) पांढरंशुभ्र पसरलेलं. मधल्या चिंचोळ्या बांधावर सहा-सात वर्षांची पोर उकिडवी बसली होती, गुडघे छातीशी घट्ट, ओठ जांभळे. तिच्यामागे मिठाच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायकांची रांग थांबली. पार अलिबागपर्यंत गेली होती म्हणा ना!

“अहो, ओलांडून जा की!” मी शहाणपणा केला.

“पोराला वलांडत नाय दादा,” पुढची म्हातारी म्हणाली. “वाढ खुंटते. हिची आधीच केवढीशी हाय.”

पाट्यांतून खारं पाणी तोंडावर गळत होतं. पोर उठली, तेव्हाच रांग हलली.

हेमाच्या बापानं, धर्मानं, घरी नेऊन चहा दिला. “जन्मापासून हृदयाला भोक हाय. फुप्फुसाकडं जायची वाटपन अरुंद. जरा चालली की निळी पडते, बसली की दम परत येतो. म्हणून हिची आई वरडते. मुंबईचे डॉक्टर शिवू म्हणतात. पन पोर परत येईलच, असा शब्द कोन देत नाय.”

हेमाला हसवावं म्हणून मी सांगितलं, आमच्या साताऱ्यात एका म्हशीला दोन हृदयं होती, एक दुधाचं, एक ताकाचं. ती हसली आणि हसण्यानंच तिला धाप लागली. पुढची थाप मी गिळली.

रोह्याला बहिणीनं वालाचं बिरडं केलं होतं. एरवी मी पातेल्यासकट गिळलं असतं. त्या दिवशी अर्धं ताट तसंच ठेवून उठलो. चार दिवसांचा पाहुणा मी, उन्हाळा सरेपर्यंत ठाण मांडून बसलो. मेहुणे अजून सांगत फिरतात. परतताना मात्र पाय आपोआप पेणला उतरले.

“छाती उघडली,” धर्मा सांगत होता. “हृदय बंद ठेवलं, रक्त मशीननं फिरवलं. भोकाला ठिगळ लावलं, वाट मोकळी केली, मग हृदय परत चालू केलं. आमी दोघं भायेर बसून.”

जन्मभर थापा मारल्या. पण एवढी मोठी मला कधी सुचली नव्हती.

बाहेर हेमा बांधावर होती. फ्रॉकच्या गळ्यातून व्रणाचं टोक दिसत होतं. पळू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती पळाली.

“बस गो! बस खाली!” आई ओरडली.

मागची रांग सवयीनं थांबली. हेमा बांधाच्या टोकापर्यंत गेली, वळली, तशीच पळत आली. आईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, ओठ पाहिले. पुन्हा पाहिले.

“आई वरडत व्हती ना?” म्हातारी पाटीखालून म्हणाली. “मग बसली का नाय गो?”

“दम नाय लागला.”