दोन तसूंचा अर्ज

मिस्त्रीअण्णा माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या मागची भिंत ओळंब्यात आहे का ते बघत. मोहोळजवळच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी ते शाळेत आले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "बाई, तुमचा फळा एक सूत डावीकडं कलंडलाय. पोरांची अक्षरं उतरणीला लागतील." फळा सरळ केला, चहा घेतला आणि मगच माझं नाव विचारलं.

देशात मीटर-सेंटिमीटर आले होते, पण अण्णांचं जग तसू आणि सूत यांतच होतं. तसू साधारण इंचाएवढा, सूत त्याहून खूप बारीक. सुतारांची जुनी मापं. पंचक्रोशीत ती वापरणारे अण्णा एकटेच उरले होते. माणसंही ते त्यातच मोजत. स्वतःच्या जावयाबद्दल म्हणत, "पोरगा गुणाचा हाय, शाणपणाला दोन सूत कमी पडलाय." लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा. पण मापात पाप केलेला माणूस त्यांना वाट्टेल तेवढा मोठा असला तरी चालत नसे.

बहात्तर साली पाऊस गेला आणि गावाबाहेर खडी फोडायचं सरकारी काम निघालं. अख्खं गाव तिथे. फोडलेली खडी बिनबुडाच्या लाकडी खोक्यात भरायची, खोकं भरलं की मजुरी. ते पहिलं खोकं अण्णांनीच केलं होतं. दोनेक महिन्यांनी कामावरच्या साहेबांनी 'झिजलं' म्हणून ते बाजूला टाकलं आणि सोलापुरातून नवं आणलं.

माझ्या वर्गातल्या दोन पोरांची आई शेवंताबाई, कामाला वाघीण. दिवसाला दोन खोकी भरणारी ती बाई आता दीडावरच दमायला लागली. "हात गेलं की काय माजं," असं ती अण्णांपाशी म्हणाली. अण्णा हातोड्याचे दांडे बसवायच्या निमित्ताने कामावर गेले आणि नव्या खोक्याकडे बघताच त्यांनी ओळखलं. मुकादम चहाला गेला तेव्हा मोजायचा गज लावला. लांबी-रुंदीला दीड-दीड तसू जास्त, उंचीला दोन. वरची ती फुकटची खडी दुपारच्या ट्रकमधून कुणा ठेकेदाराकडे जात होती.

अण्णा थेट माझ्याकडे आले. "बाई, तुमी लिवा. नाव नगं." नाव घातलं तर दुष्काळात त्यांचं उरलंसुरलं काम जाणार आणि माझी बदली कुठल्या कुठे होणार, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून मी डाव्या हाताने अर्ज लिहिला. मापाशी येताच विचारलं, "इंचात लिहू का?"

"इंचात अदमासे हुतंय. तसूत नेमकं हाय. अर्जात तरी खोटं माप नगं की."

मी तसूच लिहिले. एवढी शिकलेली मी, पण मला सुचलं नाही. मुद्दाम सोलापूरला जाऊन स्टेशनजवळच्या पेटीत पाकीट टाकलं आणि आपण फार हुशारी केली असं समजत परत आले.

पुढचं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. वरच्या कचेरीने काय केलं? आमचा तो अर्ज, अस्सल कागद, 'खुलासा व्हावा' असा शेरा मारून त्याच साहेबाकडे पाठवून दिला. ज्याच्याविरुद्ध ओरड, त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू चोर आहेस का? तक्रार करणाऱ्याला झाकणारा कायदा नव्हताच, आणि साधी माणुसकी दाखवायलाही कुणाची लेखणी वळली नाही.

साहेबाने खडीच्या ढिगावर उभं राहून अर्ज मोठ्याने वाचला. 'दीड तसू, दोन तसू' आलं तसा थांबला आणि हसला. "हितं तसूत मोजणारं कोण हाय?" सगळ्यांच्या माना खाली गेल्या, आणि त्याला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी लाकूड चोरल्याचा आळ घालून अण्णांना चौकीवर नेलं. रंधा, करवत, गज, सगळं जप्त. दोन दिवस एकच प्रश्न: अर्ज लिहून कुणी दिला? "म्याच लिवला," अण्णा म्हणाले. पोलिसांनी पुढ्यात कागद-पेन्सिल टाकली. अण्णांनी पट्टीशिवाय एक रेघ ओढली, सुतासारखी सरळ. "मला एवडंच येतंय."

चौकशीला अधिकारी आले तोवर खोकं बदलून योग्य मापाचं ठेवलं होतं. 'तक्रारीत तथ्य नाही' असा निकाल लागला. साहेबाला बढती मिळाली. आणि अण्णांच्या हाताला हत्यार उरलं नाही. त्या दोन दिवसांत मी काय केलं? वर्गात उभी राहून पाढे म्हणवून घेतले.

अण्णा वैरागला लेकीकडे निघाले तेव्हा एसटीच्या फाट्यावर मी आणि शेवंताबाई होतो. शेवंताबाईची आता पुन्हा दोन खोकी भरत होती. अण्णा तिच्याकडे बघून म्हणाले, "तुजं हात गेलं नव्हतं, बाय." ती पदराने डोळे पुसत राहिली.

मी कसंबसं विचारलं, "अण्णा, माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "अर्ज निनावी हुता की, बाई. त्यातलं नाव कसं सांगायचं?"

एवढ्या मोठ्या सरकारला जे पाळता आलं नाही, ते या अंगठेबहाद्दर माणसाने चौकीत पाळलं. पुढे वर्षभरात ते वैरागलाच वारले. मी मात्र त्याच नोकरीत पुरी हयात काढली, सत्काराचा नारळ घेतला, पेन्शन खाते आहे. अण्णांनी कुणालाच सांगितलं नाही, म्हणून आता मी सांगते. त्या अर्जावरचं डाव्या हाताचं अक्षर माझं होतं.