डिंकात राहिलेला पाय

डांबरगोळ्यांचा वास आला की मला नांदेडच्या प्रयोगशाळेतली ती दुपार आठवते. रेणापूरच्या तुरीवरून आणि भोकरच्या बोरीवरून मी एकाच वंशातले करडे सोंडकिडे गोळा केले होते. कुणाची सोंड आखूड, कुणाच्या मांडीला काटा, एवढ्यावरून त्यांची जात ठरायची. हात लागताच ते पाय आखडून पडत. मेलेच समजून मी त्यांना विषाच्या बाटलीतून लवकर काढलं आणि कागदाच्या टोकदार कपट्यांवर डिंकानं चिकटवून पेटीत लावलं.

भिंगाखाली एकाची सोंड मोजत होते. मदतनीस शेवंताबाई मागून हळूच म्हणाल्या, "म्याडम, मेलं न्हाई ते. आपण हलायचं कधी थांबतो, त्याची वाट बघून राहिलंय."

मी हसले आणि मुद्दाम स्थिर बसले. त्याच्या मिशा सावकाश उघडल्या. मग शेजारच्याच्या. मग साऱ्या रांगेच्या.

तेव्हा ते जिवंत आहेत याचीच भीती वाटली. आता, मी मुकाट पेटीचं झाकण लावलं याची वाटते.

आज ती पेटी उघडली. एका कागदावर डिंकात नुसता पाय आहे. त्याचा धनी झाकणाच्या कडेशी, बाहेर तोंड करून बसलाय. इतक्या वर्षांनी तो मेलेलाच असणार. तरी मी हात हलवत राहिलेय.