अण्णाच्या कमरेचं माप

जानेवारीतल्या एका रविवारी राजाजीनगरात आमच्या समाजाच्या सभागृहात आरोग्य शिबिर झालं. माझा बीएमआय सव्वीस निघाला, थोरल्या भावाचा, अण्णाचा, बावीस. त्याच्या कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिलं, माझ्या कार्डावर ‘लठ्ठ’.

अण्णा शिंपीकाम करतो, वडिलांचंच दुकान चालवतो. वडिलांची नजर साखरेनं गेली आणि त्यांना मशीन सोडावं लागलं. त्यामुळे अण्णानं रक्त तपासून घ्यावं असा वहिनीचा आग्रह होता. कार्ड मिळताच अण्णा उठला.

“सरी, ठीक झालं, मी नॉर्मल. ह्याला टोचा, हा फुगलाय.”

इंदिरानगरच्या माझ्या ऑफिसातल्या तपासणीत मला ‘थोडंच जास्त’ असं सांगितलं होतं. इथे तोच आकडा लठ्ठपणात बसत होता. मी शिबिरातल्या डॉक्टरबाईंना विचारलं. भारतीयांसाठी मर्यादा खाली धरतात, त्या म्हणाल्या. शिवाय हा आकडा फक्त वजन आणि उंचीचा. चरबी किती आणि कुठे आहे, ते त्यातून कळत नाही.

“मग त्याचा उपयोग काय?”

“सुरुवात करायला. पुढे कंबर मोजायची, रक्त बघायचं.”

म्हणजे कार्डावरचं ‘नॉर्मल’ खरं की खोटं, हे मला कळलं नाही.

अण्णानं खिशातून टेप काढून स्वतःच माप घेतलं. चौतीस इंच. पुरुषांची मर्यादा साधारण साडेपस्तीस. तो पुन्हा निघाला.

“अहो, ती पँटची कंबर झाली,” वहिनी म्हणाली. “पोट वर राहिलं!”

“कंबर तिथंच असते. जन्मभर गिऱ्हाइकांची तिथंच धरतोय.”

डॉक्टरबाईंनी टेप वर सरकवली, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. साडेसदतीस. अण्णानं टेप हातात घेऊन पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

“कापड कमी पडलं असतं,” तो म्हणाला आणि बाही वर करून खुर्चीत बसला.

बुधवारी रिपोर्ट आले. अण्णाची तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या पातळीत होती. माझी नव्हती, पण शिबिरात दोनदा मोजलेला माझा रक्तदाब दोन्ही वेळा जास्त भरला होता. आमच्यापैकी कुणाचं कार्ड बरोबर होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णाच्या डोळ्यांचे पडदे तपासले. दोष आढळला नाही.