घरचे मोठे

मायुन कासेक आमच्या मादांग शहरातल्या रेडिओ केंद्रात एकतीस वर्षं गाण्यांच्या फिती सांभाळत होती. साहेब लोक देश सोडताना चांगली यंत्रं घेऊन गेले; दमट खोली आणि बुरशी तेवढी आम्हाला ठेवली. मायुन रोज फिती उलगडायची, मऊ फडक्यानं पुसायची, पुन्हा गुंडाळायची. प्रत्येक डब्यावर गाणाऱ्याचं नाव, गाव, साल. अक्षर मोत्यासारखं.

एका डब्यावर मात्र नाव नव्हतं. त्यात तिचे सासरे गायले होते, आणि सासऱ्याचं नाव आमच्यात सून तोंडानं घेत नाही, लिहीत तर नाहीच. तिनं लिहिलं, 'घरचे मोठे'. सुतक फिटण्याच्या जेवणाचं गाणं होतं ते. गावात ते गाणं येणारे शेवटचे तेच उरले होते.

कोऱ्या फिती यायच्या बंद झाल्या आणि वरून हुकूम आला: निनावी फिती पुसून पुन्हा वापरा. नवा तंत्रज्ञ गेरे डबा घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"बाई, हे मोठे म्हणजे कोण?"

"आमचे."

"तुमचे कोण? नाव सांगा की!"

"घरचे. पुसू नकोस रे."

"म्हणजे निनावीच की हो!"

मी, बातम्या वाचणारा, शेजारीच सुपारी चघळत बसलो होतो. मला नाव ठाऊक होतं. मायुननं माझ्याकडे दोनदा पाहिलं. माझं तोंड काही कुणी बांधलेलं नव्हतं. पण मला गंमत वाटत होती. गेरे खरंच पुसेल असं वाटलं नाही, हे मी आजही स्वतःला सांगतो.

पुढे सासरे वारले. वर्षानं सुतक फेडायचं जेवण ठरलं, तेव्हा मायुनचा नवरा यागस ते गाणं न्यायला केंद्रावर आला. गाण्याशिवाय गेलेला माणूस वाटेला लागत नाही, असं त्यांच्या गावात मानतात.

डबा तसाच फळीवर होता; मायुननं त्यातली फीत लावली. गाण्याच्या जागी, मलेरियाच्या गोळ्या जेवणानंतर घ्या, असं माझा आवाज सांगत होता.

यागसनं शेवटपर्यंत ऐकलं; मायुननं निनावी फितींचा हुकूम सांगितला. "त्यांचं नाव नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार, पोरांचे बाबा?"

यागसनं डब्याचं झाकण लावलं. "बरोबर केलंस," म्हणाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मायुन रडली नाही. मी दारातच उभा होतो.

जेवणाला मी गेलो. डुकरं कापली, अळकुड्या भाजल्या. गाण्याची वेळ आली तेव्हा सगळे खाली बसले. गाण्याला लागला असता तेवढा वेळ कुणी हललं नाही. मग मायुननं वाढायला घेतलं.